काढून घेतलेली वर्षे



वसंत व्याख्यानमालेला आलेल्या वक्त्याने एखाद्या संतावर बोलावे, नाटकावर बोलावे, इतिहासातला एखादा प्रसंग रंगवून सांगावा आणि वऱ्हाडच्या उन्हाने दिवसभर शिणलेल्या श्रोत्यांची संध्याकाळ थोडी गार करावी, अशी आपल्याकडची रीत आहे. मी मात्र आज भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन असा रुक्ष विषय घेऊन उभा आहे. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे, वकीलही नव्हे. अकोल्याच्या कारखान्यांत हिशेबनिसाची नोकरी करण्यात माझे आयुष्य गेले. हजेरीपट काढावा, पगार वाटावा आणि माणूस नोकरी सोडून निघाला म्हणजे त्याचे अर्ज भरून द्यावेत, एवढेच माझे काम. परंतु या अर्ज भरण्यातच माझ्या हातून एक चूक घडली. तिची आठवण अजून बोचते, म्हणूनच या विषयावर बोलण्याचे मी पत्करले.

आरंभी एक घरगुती गोष्ट सांगतो. आपल्या जुन्या शेतकरी घरांत धान्य दोन ठिकाणी असे. खाण्याची ज्वारी कणगीत, आणि पेरणीचे बियाणे वेगळ्या मडक्यात, राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून, तोंड लिंपून ठेवलेले. पावसाने डोळे वटारले म्हणजे कणगी तळाशी जाई, उसनवारी होई, अंगावरचा डागही सावकाराकडे जाई; पण घरातली म्हातारी त्या मडक्याला कुणाला हात लावू देत नसे. ज्वारी तीच, दाणाही तोच. मग एवढा भेद कशासाठी? कणगीतला दाणा खाल्ला तर एक दाणा कमी होतो. मडक्यातला खाल्ला तर पुढच्या साली येणारे कणीस जाते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आजचे माझे सगळे म्हणणे तिच्यात आहे.

आता निधीकडे वळू. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ साली झाला. त्या वेळी आपला वऱ्हाड जुन्या मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूरला होती. आरंभी सहाच उद्योगांना तो लागू झाला आणि त्यांत कापडधंदा होता. त्यामुळे गिरणी कामगाराला त्याची ओळख अगदी प्रथमपासून आहे. अकोल्याची सावतराम मिल, अचलपूरची विदर्भ मिल, बडनेऱ्याची विजय मिल, ही नावे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नकोत. त्या वेळी वर्गणीचा दर सव्वासहा टक्के होता, म्हणजे रुपयाला एक आणा. एक आणा कामगाराचा, एक आणा मालकाचा. म्हातारपणाची सोय रुपयाला दोन आण्यांनी सुरू झाली, असे म्हटले तरी चालेल.

परंतु निधीची रक्कम एकदाच हाती पडते. ती मुलीच्या लग्नात जाते, घराच्या छपरात जाते, आणि मग माणूस रिकाम्या हाताने म्हातारा होतो. हा अनुभव आल्यावर १९७१ साली कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना आली, आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. हिलाच लोक ‘पंच्याण्णवची पेन्शन’ म्हणतात. एस. टी.चे वाहक-चालक, वीज मंडळातली माणसे, सहकारी बँका आणि साखर कारखान्यांतले नोकर, सूतगिरण्यांतले कामगार, जिनिंग-प्रेसिंगमधले मजूर, असे नाना धंद्यांतले लोक तिच्यात आहेत. या सभेतही तिचे निवृत्तिवेतनधारक बसलेले असतील.

तिची रचना थोडक्यात सांगतो. कामगाराच्या पगारातून बारा टक्के कापले जातात. ते सर्व त्याच्या निधीत जमा होतात. मालकही बारा टक्के भरतो. पण त्यातले ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातात आणि उरलेले ३.६७ टक्के निधीत पडतात. सरकार आपल्याकडून १.१६ टक्के निवृत्तिवेतनाला जोडते. यासाठी पगाराची मर्यादा २००१ सालापासून साडेसहा हजार होती. १ सप्टेंबर २०१४ पासून ती पंधरा हजार झाली. निधी ही आपली कणगी आहे. तिच्यात आपले दाणे आपल्या नावाने पडतात, त्यांवर व्याज चढते, आणि किती शिल्लक आहे ते मोजता येते. निवृत्तिवेतनाचे खाते हे बियाण्याचे मडके आहे. तिथे पैशांपेक्षा वर्षे मोजली जातात.

हिशेब असा. सेवेच्या अखेरच्या साठ महिन्यांचा सरासरी पगार घ्यावा, त्याला सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि सत्तरने भागावे. येईल ते दरमहाचे निवृत्तिवेतन. समजायला सोपे जावे म्हणून सरासरी पगार सात हजार धरू. सात हजारांना सत्तरने भागले की शंभर. म्हणजे या माणसाच्या सेवेच्या एकेका वर्षाचे मोल महिन्याला शंभर रुपये आहे, आणि तेही हयातभर. निवृत्त होईपर्यंत वीस वर्षे भरली असतील तर योजना आपल्याकडून आणखी दोन वर्षे जोडून देते. उलट दहा वर्षेही भरली नसतील, तर मासिक निवृत्तिवेतनच नाही. मर्यादेच्या आधीचा काळ आणि नंतरचा काळ यांमुळे प्रत्यक्ष हिशेबात थोडा फेर पडतो. पण गणिताचा गाभा हाच.

आता माझी चूक सांगतो.

मी ज्या कारखान्यात होतो, तो २००५ साली बंद पडला. तिथे १९९६ पासून काम करणारा एक कामगार होता. त्याचे नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही, कारण असे पुष्कळ आहेत. सेवा नऊ वर्षांची, वय पंचेचाळीस, पगार साडेतीन हजार. कारखाना बंद झाल्यावर दोन महिन्यांनी निधी काढता येई. त्याच सुमारास त्याच्या बायकोवर पोटाची शस्त्रक्रिया ठरली. तो माझ्याकडे आला. निधीचा अर्ज एकोणीस नंबरचा आणि निवृत्तिवेतनाचा दहा-सी. दोन्ही अर्ज एकाच गठ्ठ्यात असत. मी नेहमीच्या सवयीने दोन्ही भरले. दहा-सीवर दोन पर्याय असतात : पैसे हवेत, की योजना-प्रमाणपत्र हवे? मी त्याला विचारले. खरे म्हणजे विचारल्यासारखे केले. तो म्हणाला, “मले कायले इचारता बाबूजी? तुमी लेहा, म्या सही करतो. पैसे आपलेच हायेत नं?” पैसे त्याचेच होते. मी ‘पैसे’ या शब्दापुढे खूण केली.

निधीचे त्याला पासष्ट हजारांच्या आसपास मिळाले. शस्त्रक्रिया आणि औषधपाणी यांत चाळीस हजार गेले. निवृत्तिवेतनाच्या खात्यातून तेहतीस-चौतीस हजार आले. नऊ वर्षांच्या सेवेला नऊ-साडेनऊ महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम मिळते, असे तिथले कोष्टक आहे. त्यातून किराणेवाल्याची उधारी फिटली आणि घरावर टिना पडल्या. ते पैसे वाया गेले असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. गळक्या घरात आजारी बायकोला ठेवून म्हातारपणाचा विचार करा, असे कोण कुणाला सांगणार?

पुढे दोन वर्षे तो मिळेल ते काम करीत हिंडला. २००७ साली बडनेऱ्याकडे एका कारखान्यात लागला आणि २०१८ साली अठ्ठावन्न वर्षांचा होऊन निवृत्त झाला. तिथली सेवा अकरा वर्षे. निवृत्तिवेतन मंजूर झाल्याचा कागद आला तेव्हा तो मला शोधीत अकोल्याला आला. कागद पुढे केला आणि म्हणाला, “बाबूजी, वीस वर्स काम केलं म्या. मंग अकराच कशे धरले?”

मी त्याच्यासमोर हिशेब मांडला, तो आपल्यासमोरही मांडतो. सरासरी पगार सात हजारांच्या घरात. अकरा वर्षे म्हणजे अकराशे रुपये. त्याची पहिली नऊ वर्षे शिल्लक असती तर सेवा वीस वर्षांची झाली असती. वीस भरली म्हणून आणखी दोन मिळाली असती. बावीस वर्षे म्हणजे बावीसशे रुपये. नेमके दुप्पट. नऊ वर्षे काढताना अकरा वर्षांचे निवृत्तिवेतन गेले, कारण बक्षिसाची दोन वर्षेही त्यांच्याबरोबर गेली. महिन्याला अकराशेचा तोटा म्हणजे वर्षाला तेरा हजार दोनशे. २००५ साली मिळालेली तेहतीस हजारांची रक्कम या तोट्याने अडीच वर्षांत गिळली. त्यापुढे तो जगेल तितके दिवस तोटा चालूच राहणार.

कुणी म्हणेल, तेच तेहतीस हजार बँकेत तेरा वर्षे ठेवले असते तर वाढले नसते का? वाढले असते, हे खरे. पण ज्याच्यापाशी बँकेत ठेवण्याइतकी सवड असते, तो मुळात दहा-सी भरायला येत नाही. ज्याला काढावे लागते त्याचे पैसे त्याच महिन्यात संपतात.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “तवा तुमी सांगतलं असतं त...” आणि वाक्य तिथेच सोडून दिले. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

मित्रहो, मी त्याला सांगायला हवे होते ते एवढेच : शस्त्रक्रियेला निधीची रक्कम पुरते आहे, तेव्हा कणगी फोड. मडक्याला हात लावू नकोस. नऊ वर्षांचे योजना-प्रमाणपत्र घे आणि पेटीच्या तळाशी जपून ठेव. पुढची नोकरी लागेल तेव्हा ही वर्षे तिला जोडली जातील. दोन वाक्यांची गोष्ट. ती मी सांगितली नाही, कारण मला पूर्ण ठाऊक नव्हती, आणि ठाऊक करून घ्यावी असे वाटले नाही. दोन अर्ज एकत्र भरायचे असतात, एवढेच मला माहीत होते.

हीच गोष्ट आपल्या जिनिंगमधल्या मजुरांना आणखी लागू पडते. त्यांचे काम हंगामी. दिवाळीनंतर कापूस आला म्हणजे चार-सहा महिने गिरणी चालते, मग बंद. पुष्कळ मजुरांना वाटते की आपली कसली सेवा आणि कसले निवृत्तिवेतन! परंतु या योजनेत हंगामी कामगाराच्या बाबतीत एक उदार कलम आहे : वर्षातून थोडेच महिने काम झाले असले तरी ते पूर्ण एक वर्ष धरले जाते. म्हणजे दहा हंगाम केलेल्या मजुराची दहा वर्षे होतात. असा मजूर दर दोन-तीन वर्षांनी पैसे काढून खाते मोकळे करीत असेल, तर तो केवढा तोटा करून घेतो पाहा. चार महिन्यांच्या घामाला मिळालेले पूर्ण वर्ष तो मूठभर रुपयांना देऊन टाकतो.

अडचणीच्या वेळी मडक्याला हात लागतो तो आणखी दोन वाटांनी. पहिली वाट लवकर निवृत्तिवेतन घेण्याची. दहा वर्षे सेवा झालेल्या आणि नोकरीत नसलेल्या माणसाला अठ्ठावन्नची वाट न पाहता पन्नासाव्या वर्षापासून ते घेता येते. पण अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांमागे चार टक्के घट बसते. २००८ पूर्वी ती तीन टक्के होती. ही घट अठ्ठावन्न पूर्ण झाले म्हणून भरून निघत नाही. ती जन्माची असते.

दुसरी वाट अंशराशीकरणाची, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याची. सरकारी नोकरांना ही वाट चांगली परिचित आहे. आपल्या राज्यात चाळीस टक्क्यांपर्यंत भाग असा विकता येतो आणि पंधरा वर्षांनी तो पुन्हा सुरू होतो. पंच्याण्णवच्या योजनेतही एक-तृतीयांश भाग विकण्याची सोय होती. सप्टेंबर २००८ मध्ये ती बंद झाली. ज्यांनी त्यापूर्वी ती घेतली होती, त्यांचा कापलेला भाग पंधरा वर्षांनंतर पूर्ववत करण्याचा निर्णय सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये केला. या पंधरा वर्षांच्या नियमात एक न्यायाचे तत्त्व आहे. घेतलेल्या पैशांची फेड झाली म्हणजे माणसाचा हक्क त्याला परत मिळावा, असे ते तत्त्व. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

या उलट निधीची गोष्ट पाहा. आजारासाठी, शिक्षणासाठी, घरासाठी, लग्नासाठी त्यातून पैसे काढण्याची सोय जुन्या योजनेपासून आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तीन महिन्यांचा पगार किंवा शिलकेच्या पंचाहत्तर टक्के, यांत जे कमी असेल ते काढण्याची मुभा मिळाली, आणि पुष्कळ घरांच्या चुली त्यावर पेटल्या. या कोणत्याही उचलीने निवृत्तिवेतनाचे एक वर्षही कमी होत नाही. शिल्लक कमी होते, व्याज बुडते, हे खरे. म्हणून ऐपतीबाहेरच्या जेवणावळीसाठी कणगी फोडू नये. ऋण काढून सण करू नका, असे आयुष्यभर सांगत फिरलेले गाडगेबाबा याच जिल्ह्यातले. त्यांचे सांगणे अमरावतीत मी नव्याने काय सांगावे? परंतु खरी अडचण असेल तर कणगीकडे जावे. ती त्यासाठीच भरलेली असते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने एक मोठा निर्णय घेतला. पैसे काढण्याची तेरा निरनिराळी कलमे एकत्र करून तीन प्रकार करावेत, पण पंचवीस टक्के शिल्लक नेहमी खात्यात राहावी. आणि नोकरी सुटल्यावर निवृत्तिवेतनाच्या खात्यातले पैसे दोन महिन्यांऐवजी छत्तीस महिन्यांनंतरच काढता यावेत, असा तो निर्णय. त्यावर ओरड झाली. आमचे पैसे आम्हालाच का मिळू नयेत, असा प्रश्न लोकांनी केला. माझ्या कामगाराने केलेला प्रश्न हाच! मला त्या ओरडीतले दुःख कळते. बेकार माणसाला छत्तीस महिने हा फार मोठा काळ आहे. पण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. माझा कामगार दोन वर्षांत पुन्हा नोकरीला लागला होता. त्या वेळी छत्तीस महिन्यांचा अडसर असता, तर त्याची नऊ वर्षे वाचली असती. मडक्याचे तोंड घट्ट लिंपलेले असावे, हे म्हातारीचे शहाणपण त्यात आहे. मात्र तोंड लिंपणाऱ्याने घरात दुसरीकडे ज्वारी आहे की नाही हेही पाहिले पाहिजे. बेकारीच्या दिवसांत माणसाने काय खावे याची तजवीज न करता नुसते कुलूप घातले, तर माणूस सावकाराच्या दारी जातो.

आता शेवटचा मुद्दा. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाढीव निवृत्तिवेतनासंबंधी एक निकाल दिला. ज्यांचा पगार मर्यादेपेक्षा अधिक होता आणि ज्यांची वर्गणीही पूर्ण पगारावर भरली गेली होती, अशांपैकी पात्र लोकांना पूर्ण पगारावर निवृत्तिवेतन मागण्याचा पर्याय खुला झाला. पण फुकट नव्हे. पूर्ण पगाराचे ८.३३ टक्के आजवर निवृत्तिवेतनाच्या खात्यात जायला हवे होते. ते निधीत गेले होते. तेवढी रक्कम व्याजासह परत करा, मग वाढीव निवृत्तिवेतन घ्या, असा तो व्यवहार. जे निवृत्त होऊन निधी घेऊन गेले होते, त्यांना घरातून लाखांच्या रकमा आणून भरण्याची पाळी होती. ज्यांचा निधी घरात आणि लग्नात जिरला होता, ते कागद हातात धरून बसले. एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताच्या हिशेबात वजा होते, हे तेव्हा सुशिक्षितांनाही प्रथमच कळले.

परंतु या व्यवहारातून एक गोष्ट सिद्ध झाली. घेतलेले पैसे व्याजासह परत करून निवृत्तिवेतनाचा हक्क परत मिळवता येतो. याला जुना दाखलाही आहे. पंच्याण्णवची योजना सुरू झाली तेव्हा १ एप्रिल १९९३ ते १५ नोव्हेंबर १९९५ या काळात नोकरी सुटलेल्या माणसांना, त्यांनी काढलेली रक्कम व्याजासह परत करून योजनेत येण्याची मुभा होती. मग माझा प्रश्न असा : मोठ्या पगाराच्या माणसाला लाख रुपये भरून हक्क परत घेता येतो, तर साडेतीन हजारांच्या कामगाराला तेहतीस हजार व्याजासह भरून आपली नऊ वर्षे परत का घेता येऊ नयेत? त्याच्यापाशी एकरकमी पैसे नसतील तर हप्त्याने घ्यावेत. दुसऱ्या नोकरीच्या पगारातून कापावेत. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनातून काही वर्षे वळते करावेत. अंशराशीकरण केलेल्याला पंधरा वर्षांनी आपला भाग परत मिळतो. वर्षे विकलेल्याला मात्र मरेपर्यंत परतीची वाट नाही. पहिल्याने हौसेने किंवा सोयीने विकले असेल. दुसऱ्याने बायकोच्या खाटेशेजारी बसून विकले आहे.

आपल्या शेजारच्या बुलढाण्यात पंच्याण्णवच्या निवृत्तिवेतनधारकांनी डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू केले, आणि त्या चळवळीचा आवाज दिल्लीपर्यंत गेला. साडेसात हजार रुपये आणि महागाई भत्ता ही त्यांची मागणी. २०१३ साली राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंह कोश्यारी हे तिचे अध्यक्ष असताना, किमान तीन हजारांची शिफारस केली होती. २०१४ च्या सप्टेंबरपासून किमान म्हणून ठरले ते एक हजार. त्या मागणीशी माझी सहानुभूती आहे. तिच्या पोटात आणखी एक लहान मागणी असावी एवढेच मी सुचवतो : अडचणीत काढून घेतलेली वर्षे परत विकत घेण्याचा हक्क. याने तिजोरीवर मोठा भार पडणार नाही. कामगार आपलेच पैसे व्याजासह देणार आहे. आणि दुसरे असे, की दहा-सीचा अर्ज निधीच्या अर्जापासून वेगळा व्हावा. त्यावर सोप्या मराठीत दोन ओळी छापाव्यात : ‘ही रक्कम घेतल्यास तुमची इतकी वर्षे पुसली जातील. पुढे दहा वर्षे भरली नाहीत तर मासिक निवृत्तिवेतन मिळणार नाही.’ सही त्या ओळींच्या खाली असावी.

कायदा बदलेल तेव्हा बदलो. तोवर आपल्या हाती काय आहे? नोकरी सुटली तर निधी आणि निवृत्तिवेतन यांचे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवा. नवी नोकरी लागली असेल तर जुने खाते मोडू नका, नव्याला जोडून घ्या. नोकरी नसेल आणि पैसे हवेच असतील तर आधी निधीतून घ्या. निवृत्तिवेतनाचे योजना-प्रमाणपत्र मागा. आणि सही करण्यापूर्वी घरच्या गृहिणीला विचारा. हे मी सौजन्य म्हणून सांगत नाही. नवऱ्याच्या पश्चात त्याच्या निवृत्तिवेतनाचा निम्मा भाग बायकोला मिळतो. वर्षे पुसली जातात ती दोघांची. शिवाय बियाण्याचे मडके राखण्याची विद्या आपल्याकडे परंपरेने तिच्याकडेच आहे. आणि या सभेत माझ्यासारखे हिशेबनीस, शिक्षक, बँकेत काम करणारे लोक असतील, त्यांना हात जोडून सांगतो : समोरचा माणूस ‘तुमी लेहा, म्या सही करतो’ असे म्हणतो, त्या क्षणी त्याचे म्हातारपण आपल्या टाकाच्या टोकावर असते. दोन मिनिटे थांबा. त्याला सांगा.

तो कामगार अधूनमधून मला भेटतो. निवृत्तिवेतन अकराशेच आहे. बायको त्या शस्त्रक्रियेतून उठली, ती आजही त्याच्याबरोबर आहे. मागे एकदा तो आपल्या पुतण्याला घेऊन आला. पुतण्या एका जिनिंगमध्ये लागला होता, आठ हंगाम झाले होते, आणि त्याला पैसे काढायचे होते. तो मला म्हणाला, “बाबूजी, याले समजावून सांगा. मले सांगता येत नाही.” मी समजावून सांगितले. पुतण्याने प्रमाणपत्र घेतले.